एमबीएच्या अर्जातले 'गोल्स' आणि शिरोलीची फाउंड्री

गेल्या महिनाभरात आपल्या भागातल्या पाच मुलामुलींचे एमबीएचे अर्ज वाचून दिले. दोघं आयएसबीला भरतायत, तिघं अमेरिकेला. मार्क चांगले, नोकऱ्या चांगल्या, पण पाचही जणांचं भविष्य सारखंच! शॉर्ट टर्म गोल काय, तर मॅनेजमेंट कन्सल्टिंग. लाँग टर्म गोल काय, तर 'ग्रामीण भारताचं परिवर्तन घडवणारा सोशल एंटरप्राइज'. यातल्या एकानंही आपल्या गावच्या विकास सोसायटीची सभा कधी पाहिलेली नाही, हे मी विचारून घेतलंय.

मुलांना दोष देत नाही. भरभक्कम फी घेऊन हाच साचा विकणारे आहेत, आणि आईवडलांनाही इंग्रजी झकास वाटलं की समाधान होतं. पण कर्ज काढून शिकायला निघालेल्या मुलानं स्वतःच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल उसनं काहीतरी लिहावं, याची मला काळजी वाटते.

मुळात प्रश्न काय असतो ते बघा. न्यूयॉर्कचं कोलंबिया बिझनेस स्कूल गेली अनेक वर्षं एमबीएनंतरचा लगेचचा गोल अवघ्या ५० कॅरेक्टर्समध्ये लिहायला सांगतं. शब्द नव्हे हो, कॅरेक्टर्स. त्यात 'पॅशन' आणि 'इम्पॅक्ट' मावत नाही, मावतो तो हुद्दा आणि क्षेत्र. म्हणजे शॉर्ट टर्म गोल ही एक नोकरी असते. कुठल्या क्षेत्रात, कुठल्या कामाची, कशा प्रकारच्या कंपनीत, कुठल्या देशात. त्या स्कूलमध्ये त्या प्रकारच्या कंपन्या येतात का? तुमच्या आजवरच्या कामावरून तुम्हाला तिथं कोणी उभं करेल का? आणि मध्ये जे कमी पडतंय, ते या कोर्समध्ये शिकायला मिळतं का? ॲडमिशन कमिटी हे बघते, कारण उद्या तुम्हाला नोकरी लागली नाही तर त्यांच्या प्लेसमेंटचा आकडा बिघडतो.

आता आपल्या बाजूचा हिशेब. ४० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता जवळपास ५३ हजार येतो. शिकत असताना चढणारं व्याज वेगळंच. हा हप्ता भरून घर चालवता येईल अशी नोकरी म्हणजे तुमचा शॉर्ट टर्म गोल. निबंधात हे लिहायचं नसतं, पण लिहिण्याआधी कागदावर मांडायचं असतं. अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक धरावं. तिथं शिक्षणानंतर कामाची परवानगी मिळते एक वर्षाची, कोर्स 'स्टेम'मध्ये बसत असेल तर आणखी २४ महिने. त्यानंतर एच-वन-बी, आणि तिच्या वर्षाच्या ८५ हजार जागांसाठी लॉटरी. 'हे नाही जमलं तर काय?' असं मुलाखतीत विचारतात, आणि तिथं पोरं गप्प होतात.

पाचातला एक शिरोलीचा. चाकणला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत चार वर्षं परचेसला आहे. वडलांचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप, आसपासच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग घेऊन जॉबवर्क करतात. निबंधात अर्थातच कन्सल्टिंग. पण फोनवर सहज विचारलं, तर गडी वीस मिनिटं थांबेना. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही. मग इंजिनाच्या कास्टिंगवर जगणाऱ्या फाउंड्र्यांनी करायचं काय? पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरकडे वळावं, बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक धरावं. पण बाहेरचं गिऱ्हाईक टेस्टिंगचे कागद मागतं, आणि एकट्या छोट्या मालकाला लॅब परवडत नाही. हे सगळं त्याला तोंडपाठ. निबंधात यातली एक ओळ नाही! का नाही लिहिलंस म्हटलं, तर म्हणाला, "काका, ते फारच घरगुती वाटतंय ओ."

अरे बाबा, तेच तर पाहिजे. त्या टेबलावर आपल्याकडच्या इंजिनिअर पोरांच्या अर्जांचा ढीग असतो, त्यात शिरोलीची फाउंड्री दुसऱ्या कुणाकडे असणार? त्याला सुचवलं ते असं. शॉर्ट टर्म: यंत्रांचे किंवा गाड्यांचे भाग करणाऱ्या मोठ्या कंपनीत सोर्सिंग किंवा ऑपरेशन्स मॅनेजर. त्याच्या आजच्या कामापासून एक पायरी वर, आणि पगार हप्त्याला पुरणारा. लाँग टर्म: पंधरा-वीस छोट्या फाउंड्र्यांची एकत्र निर्यात, एकत्र लॅब. ते तसंच्या तसं होईलच असं नाही. कमिटीही दहा वर्षांनी तपासायला येत नाही, तो काही बाँड नव्हे. पण या कामात अडचण कुठं येईल असं कुणी विचारलं, तर तो तासभर बोलू शकतो.

इचलकरंजीची एक मुलगी बँकेत कर्जविभागात आहे. यंत्रमागवाल्यांच्या फायली का परत जातात हे तिला नेमकं ठाऊक, आणि तिनं लिहिलं काय, तर 'महिला सक्षमीकरण'. खरं तर तिला घरावरचं कर्ज फेडायचंय, धाकट्या भावाला शिकवायचंय, आणि याची तिला उगाच लाज वाटते. पैसे मिळवावेसे वाटणं यात लाजण्यासारखं काय आहे? मोठ्या बँकेत छोट्या उद्योगांच्या कर्जाचं काम हा तिचा सरळ शॉर्ट टर्म गोल आहे, आणि तो तिला शोभतो.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं दणक्यात होतात. तिथं मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगणारे वक्ते येतात, टाळ्या पडतात. त्यातला एक तास एखाद्या फाउंड्रीच्या किंवा सूतगिरणीच्या मालकाला द्या की. ऑर्डर का तुटली, पैसे कुठं अडकले, एवढंच बोलू दे त्याला.

अमेरिकेतल्या बहुतेक स्कूलांची दुसरी फेरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. ज्यांना माझ्याकडून वाचून घ्यायचंय त्यांनी निबंध पाठवू नका, आधी फोन करा. सध्या ऑफिसात काय काम करता आणि त्यात काय खटकतं, ते मराठीत सांगा. इंग्रजी नंतर बघू.