मधुमेही घरातील दूध
मधुमेहाचे निदान होताच घरातील मंडळी साखरेचा डबा दृष्टीआड करतात, परंतु दर 100 मिलिलिटर दुधामागे सुमारे 5 ग्रॅम भरणारा दुग्धशर्करेचा ऐवजही रोजच्या हिशेबात जमेस धरावा लागतो, याचे स्मरण क्वचितच कोणास राहते. पर्याय म्हणून जी वनस्पतिजन्य पेये बाजारात मिळतात, त्यांपैकी ओटचे पेय मला सर्वांत फसवे वाटते. कारण ते तयार करताना विकरांच्या योगे धान्यातील पिष्टाचे माल्टोज या शर्करेत रूपांतर होते, आणि म्हणून वेष्टनावर ‘साखर घातलेली नाही’ असा निर्वाळा असूनही रक्तातील ग्लुकोज झपाट्याने चढू शकते. तांदळाच्या पेयाची तीच गत. बिनसाखरेच्या बदामाच्या पेयात कर्बोदके अत्यल्प हे खरे, पण प्रथिनेही नाममात्रच. दुधाशी प्रथिनांची बरोबरी सांगण्याचा हक्क, माझ्या मते, बिनसाखरेच्या सोयाच्या पेयाला आहे, मात्र त्यात कॅल्शियम मिसळले आहे की नाही, हे मागील तक्त्यात अवश्य पाहावे. ज्यांना दुधाचे वावडे नाही, केवळ शर्करेची धास्ती आहे, त्यांनी तर आधी पंच्यात बांधून टांगलेल्या दह्याचाच विचार करावा: निथळणाऱ्या पाण्याबरोबर दुग्धशर्करेचा बराच अंश निघून जातो, आणि उरलेला घट्ट चक्का, श्रीखंडासाठी साखर घालून न फेटता, मीठ, जिरेपूड व पिळून घेतलेला काकडीचा कीस घालून कालवला, की दुपारच्या जेवणात पानाची डावी बाजू उत्तम सजते.