आजारपणाच्या आधी कार्ड हातात द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, परभणी.

विषय : ज्येष्ठांना आरोग्य योजना गावातच समजावून देणे



२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झाले. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. कुटुंब आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल, तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर दोघांत मिळून. सत्तरीच्या आतल्यांना रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे.

पण पारावर बसलेली माणसे अजूनही म्हणतात, ‘ते गरिबांचं असतंय, आपलं नाव यादीत नसंल.’ मग छातीत कळ आली की आधी सावकार आठवतो, कार्ड नंतर. धावपळीच्या त्या रात्री कोणता दवाखाना योजनेत आहे, हे कोण शोधणार?

नोंदणीची अडचणही साधीच आहे. आयुष्य शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाईलवर, आणि मुलगा पुण्याला कामावर किंवा ऊसतोडीच्या फडात. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आयुष्मान ॲपमध्ये आहे. ती वापरून आशाताईंच्या सोबतीने घरोघर नोंदणी करा. आधारवरचे वय चुकलेले असेल, तर दुरुस्तीची सोयही त्याच फेरीत हवी.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर योजनेतल्या दवाखान्यांची यादी लावा आणि ती बदलली की फळाही बदला. कोणत्या दवाखान्यात कोणते उपचार होतात, तेही लिहा. दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटायचे असते आणि योजनेतल्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर १४५५५ किंवा १५५३८८ वर तक्रार करता येते, हे मोठ्या अक्षरांत हवे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगा : हे कार्ड भरती करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे. बीपीची, शुगरची रोजची गोळी त्यातून मिळत नाही. ती मिळायला हवी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात. तिथे साठा संपला की म्हातारी माणसे गोळी सोडून देतात, आणि पुढे पक्षाघात झाल्यावर पाच लाखही अपुरे पडतात. म्हणून गोळ्या महिनाभराच्या एकदम द्या. ज्यांना चालवत नाही, त्यांचा बीपी घरी जाऊन मोजा. गोळ्यांचा साठा दर महिन्याला ग्रामसभेच्या आरोग्य समितीसमोर तपासा.

दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर भागातली कित्येक घरे ऊसतोडीला निघतात आणि मागे फक्त म्हातारी माणसे उरतात. ती घरे निघण्याआधी नऊही तालुक्यांत ही फेरी पूर्ण करावी आणि कोणत्या गावात किती कार्डे झाली, किती राहिली, हे जाहीर करावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
गोदाकाठचा एक ज्येष्ठ नागरिक