पावसाळ्यात बुटांची सक्ती नको

बेळगावात जूनमध्ये पाऊस लागला की मुलांचे काळे बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तरी गणवेशाचा नियम म्हणून तेच ओले बूट-मोजे दिवसभर पायांत! मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून सोलते, आग होते. मुले लाजेने सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर उघड्या सँडल चालू द्याव्यात, अशी आम्हा पालकांची विश्वस्तांना विनंती आहे. गणवेश थोडा बिघडेल, बिघडू दे. घरी आम्हीही रोज पाय धुऊन बेचकी कोरडी करून घेऊ. बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा पाहू. घट्ट बुटांनी नख मांसात रुतते. पण ओल्या बुटांवर घरचा इलाज पुरत नाही. या पावसाळ्यापुरते तरी करून पाहावे.