घनसावंगीचे दोन निकाल

“माझ्या एका मतानं काय फरक पडतो?” जांब समर्थच्या एखाद्या कॉलेजकुमारानं असं विचारलं, तर त्याला उपदेश करू नये. आपल्याच मतदारसंघाचे निकाल समोर ठेवावेत. २०१९ मध्ये घनसावंगीतून राजेश टोपे हे हिकमत उढाण यांच्याविरुद्ध ३,४०९ मतांनी निवडून आले. २०२४ ला पुन्हा तेच दोघे आमनेसामने, आणि या वेळी उढाण २,३०९ मतांनी जिंकले. दोघांच्या पारड्यात मिळून दोन लाखांच्या आसपास मतं! एवढ्या आकड्याचा निकाल ज्या फरकानं फिरला, तो फरक तालुक्यातली अठरा-एकोणीस वर्षांची पोरंपोरी सहज भरून काढतील.

“विद्यार्थ्यांनी राजकारणापासून लांब राहावं,” हा वडीलधाऱ्यांचा सल्ला. समर्थ रामदासांच्या जन्मगावात, जांबला, तरी तो शोभत नाही. दासबोधाच्या अकराव्या दशकात ‘राजकारण निरूपण’ हा अख्खा समासच आहे. आणि मत देणं म्हणजे झेंडा बांधून मोटारसायकल पळवणं नव्हे. (त्याला मात्र घरून कुणी फारसं अडवत नाही.)

“सगळे सारखेच.” असतीलही. त्यासाठी २०१३ पासून ‘नोटा’ म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे. पण विधानसभेत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली, तरी त्याखालोखालचा उमेदवारच निवडून येतो. राग नोंदवायला ठीक, आमदार बदलायला नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पोरं शिकायला संभाजीनगरला नाहीतर पुण्याला, आणि मतदान आलं की परीक्षा, भाडं, रजा. हे बहाणे नाहीत. मात्र त्यावर वाट आहे. वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या यादीत नाव घालता येतं. आधीचं नाव गावात असेल तर नमुना ८ भरून हलवता येतं. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा. गावचं नाव काढलं की ग्रामपंचायतीचं मतही जातं, कारण तिची यादी विधानसभेच्याच यादीतून निघते. म्हणून मी म्हणेन, मतदानाला येणं जमणार असेल तर नाव जांबलाच ठेवा. सरपंच तुम्हाला ओळखतो, शहरातला नगरसेवक नाही. येणं जमणारच नसेल तर खुशाल हलवा.

मताचा हक्क १९८९ पासून अठराव्या वर्षी मिळतो. आता १ जानेवारीची वाट पाहायचीही गरज नाही. अठरा पूर्ण झाल्याचं धरायला जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांची पहिली, अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली, की मात्र यादी बंद. तेव्हा प्रचाराचे भोंगे वाजायची वाट पाहू नका. नवीन नावनोंदणीचा नमुना ६ आजच भरा.