वेताळ मराठीत होता, नारुतोही हवा

अमेरिकेच्या ली फॉक यांनी कॉमिक्समधला वेताळ १९३६ मध्ये जन्माला घातला, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. तोवर तो मला आपल्यातलाच वाटायचा, कारण तो मराठी बोलायचा. ‘टाइम्स’वाल्यांनी १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, त्याच्या मराठी अंकांवर पुण्याशेजारच्या वाघोलीतली आमची पिढी वाढली.

माझे वडील, अण्णा, खाणीवरून पुण्याला खडीचा ट्रक न्यायचे. पुणे स्टेशनाबाहेरून इंद्रजाल घ्यायचे. ट्रक रिकामा होईपर्यंत ते आधी स्वतः वाचत. शिक्षण चौथीपर्यंत, पण डेंकालीचं जंगल, कवटीची गुहा, चाच्यांच्या जबड्यावर उमटलेला अंगठीचा ठसा, सगळं त्यांना पाठ. रात्री जेवताना आमचा वाद ठरलेला : मँड्रेकची जादू मोठी की वेताळाची ताकद? आई मध्येच विचारायची, वेताळाची बायको डायना तिकडे संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते, मग हिचं घर कोण बघतं? आबिद सुरती यांचा बहादूर आल्यावर तर चंबळचे डाकूही आमच्या ताटाभोवती जमले. मला त्यातली बेला आवडायची. मारामारीत ती बहादूरच्या मागे लपत नसे. अंक मग आळीत फिरायचा आणि परत यायचा तेव्हा बी. गोविंद यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ सुटून वेगळं झालेलं असायचं.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. मी अकरावीत होते. त्या वयात आवडता माणूस निघून जावा, तसं ते मला लागलं आणि अजूनही लागतं.

आज मी याच भागातल्या शाळेत मराठी शिकवते. २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत गेली, नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले. टॉवरमधली माझी भाची ‘डीमन स्लेयर’ ही मांगा इंग्रजीत, उजवीकडून डावीकडे, सराईतपणे वाचते. तिचं मला कौतुक आहे. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचून मुलं बिघडतात म्हणणाऱ्यांशी मी भांडते. वेताळाबद्दलही हेच बोललं जायचं. माझ्या वर्गात मात्र खाणकामगारांची मुलंही आहेत. मांगातला नारुतो त्यांनाही ठाऊक आहे, मोबाइलवर पाहिलेला. पुस्तक हातात दिलं तर ती चित्रं बघतात आणि मिटून ठेवतात. शब्द इंग्रजीत, आणि किंमत आईबापाच्या दिवसाच्या मजुरीला हात घालणारी. अण्णांसारखा बाप आज आपल्या मुलीबरोबर तिचं आवडतं पुस्तक वाचू शकत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

मांगा मराठीत आणा म्हटलं, की अनुवाद कोण करणार, असं विचारतात. पुण्यात हा प्रश्न पडावा? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवली जाते. रांजणगावच्या कारखान्यांत जपानी साहेबांचं बोलणं मराठी कामगारांना समजावणारे दुभाषे आहेत. त्यांच्या कंपन्यांच्या बसगाड्या वाघोलीवरूनच जातात. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेली जपानी ‘तोत्तोचान’ घरोघरी पोचली. हिरोशिमावरच्या बॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावा यांची गेन या मुलाची मांगा तोमोको किकुची यांनी हिंदीत नेली. मराठी प्रकाशकांनी निदान एवढं तरी धाडस करावं. हक्क महाग असतात, मान्य. मग एकट्याने कशाला, दोघातिघांनी मिळून घ्यावेत. छपाई साध्या कागदावर चालेल. मांगा मुळातच काळ्यापांढऱ्या चित्रांची असते आणि जपानातही ती साप्ताहिकांत स्वस्त कागदावरच छापली जाते. महापालिकेने समाविष्ट गावांसाठी वाचनालयं काढावीत आणि या मालिकांचे सगळे भाग तिथे ठेवावेत. अर्धवट मालिका ठेवू नये; पुढचा भाग नाही म्हटल्यावर बारा वर्षांचं मूल पुन्हा त्या दारात येत नाही.

सुरुवात गेनपासून करावी, असं मला वाटतं. उद्ध्वस्त शहरात खायला शोधणारा, मार खाऊनही गाणारा तो पोरगा माझ्या वर्गातल्या मुलांना लगेच ओळखीचा वाटेल. एखादा प्रकाशक तयार असेल, तर कच्चा अनुवाद मी वर्गात मोठ्याने वाचून घेईन. कुठलं वाक्य मुलांच्या तोंडी बसत नाही, ते पहिल्याच तासाला कळेल.