बांधीतला वारा एकाच उंचीवर मोजून भागणार नाही

वेधशाळेतला वेगमापक जागतिक संकेतानुसार जमिनीपासून १० मीटरवर असतो. वारा किती वेगाने वाहतो ते त्यावरून कळते. पिकाला, मातीला, तलावाच्या पाण्याला तो किती ओढतो, ते कळत नाही. ही ओढ, म्हणजे वाऱ्याचा घर्षणताण, उंचीनुसार वेग किती झपाट्याने वाढतो यावरून काढावी लागते. गोंदिया जिल्ह्यात हा भेद किरकोळ नाही. रोवणीच्या वेळी बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, जवळजवळ उघडे पाणीच असते. भारी धान निसवल्यावर तिथेच कमरेला लागणारे दाट पीक असते. १० मीटरवर दोन्ही वेळा तोच वेग दिसला, तरी ताण कितीतरी वेगळा. म्हणून धानपट्ट्यात निदान एक मनोरा असा हवा, ज्यावर तीन-चार उंचींवर वारा आणि तापमान दोन्ही मोजले जातील. गणित सोपे आहे. पीक ठेंगणे, आभाळ ढगाळ (म्हणजे उंचीनुसार तापमानातल्या फरकाचा परिणाम नगण्य) आणि २ व १० मीटरवरच्या वेगांत सेकंदाला १ मीटरचा फरक असेल, तर ताण दर चौरस मीटरला सुमारे ०.०७ न्यूटन येतो. फरक दुप्पट झाला की ताण चौपट. फरक मोजताना १० टक्के चूक झाली तर उत्तरात सुमारे २० टक्के शिरते, तेव्हा उपकरणांत काटकसर नको.

हवामानाची संगणकी प्रारूपे हा ताण काढतातच, मग मनोरा कशाला, असे कुणी म्हणेल. पण प्रारूपातली सूत्रे कुठल्या तरी मोजमापांवरच बेतलेली असतात. मान्सून द्रोणीतली जमिनीलगतची हवा अभ्यासणाऱ्या १९९० च्या ‘मॉन्टब्लेक्स’ प्रयोगात जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर इथे ३० मीटरचे मनोरे उभारले होते. त्या नोंदींतून दिसले की वारा मंद झाला की ओढीचा गुणांक, म्हणजे वेगावरून ताण काढताना वापरायचा आकडा, झपाट्याने वाढतो. तो ठरावीक धरून चालत नाही. पूर्व विदर्भात मंद वाऱ्याचेच दिवस जास्त.

खरा अडथळा जागेचा आहे. मनोऱ्याच्या उंचीच्या सुमारे शंभरपट अंतरापर्यंत, वारा येतो त्या बाजूला, जमीन एकसारखी लागते. नवेगावबांधच्या जंगलवेढ्या काठावर ते जमणार नाही. आमगाव-तिरोड्याच्या सपाट धानशेतीत जमू शकेल. ताण थेट मोजणारी ध्वनिलहरींची यंत्रे आहेत, पण त्यांनाही तेवढेच मोकळे शेत लागते आणि किंमतही जास्त. निवांत रात्रींच्या नोंदी मात्र सरळ वगळाव्या लागतील, कारण तेव्हा वेगांतल्या फरकावरून ताण काढण्याचे सूत्रच लंगडते. तरी रोवणी ते कापणी या काळातले वाऱ्याचे, ढगाळ दिवस धरले, तर पिकाच्या वाढीबरोबर ताण कसा बदलतो ते एका हंगामात काढता येईल.