ओसरीवरून : आजारी मांजर आणि आपला शहाणपणा

मांजर हे घरचे माणूस की दारचा पाहुणा, याचा निर्णय आपल्या समाजाने कधी केलेला नाही. गाय गोठ्यातली, कुत्रा अंगणातला. मांजर मात्र कोणाचेच नसते आणि सगळ्यांच्या चुलीजवळ असते. उंदीर धरला तर कौतुक, दुधात तोंड घातले तर पाठीत फुंकणी! ते आजारी पडले म्हणजे तर त्याला वालीच उरत नाही. या महिन्यात अशाच एका मांजरीविषयी लिहावयाचे आहे, आणि तिच्या बाबतीत माझ्या हातून घडलेल्या चुकीविषयीही.

आमच्या तिगावच्या शाळेत मध्यान्ह भोजन शिजते. त्यासाठी धान्य आले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे करड्या पट्ट्यांची एक मांजरी आली. कोणाच्या हाताला ती कधी लागली नाही. गेल्या श्रावणात स्वयंपाकघरामागच्या लाकडांच्या ढिगाऱ्यात तिने दोन पिल्ले वाढविली होती. पुढे पावसाची झड लागली आणि मांजरी शिंकू लागली. नाक वाहू लागले, डोळे चिपडांनी चिकटले. पुढे ठेवलेल्या घासाकडे ती पाहत बसे, पण खात नसे. अंगात ताप असावा असे वाटले.

शाळेच्या औषधपेटीत पॅरासिटामॉलच्या गोळ्या असतात. मुलांना ताप आला की पालकांना विचारून आम्ही देतो, तेव्हा मांजरीला अर्धी गोळी द्यावयास काय हरकत, असा मी विचार केला. गोळी कुटून पाण्यात कालविली, शिपायाकरवी मांजरीला गोणपाटात गुंडाळविले आणि चमच्याने औषध पाजले. एक सत्कृत्य पदरी पडले या समाधानात मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तिचे तोंड व पंजे सुजलेले, हिरड्या तपकिरी पडलेल्या, श्वास उथळ. पहिल्या तासिकेपूर्वीच ती गेली.

पांढुर्ण्याच्या पशुवैद्यांना दूरध्वनीवरून सारी हकीकत सांगितली, तेव्हा उलगडा झाला. माणसाचे यकृत अशा औषधांना एका विशिष्ट पदार्थाशी जोडून शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात ते काम करणारे विकर जवळजवळ नसते. औषधाचे विष रक्तात साचते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते. अर्धी गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. पहिल्या काही तासांत उपचार मिळाले तर ते वाचू शकते. मी मात्र ते तास समाधानात घालविले. फरशी पुसण्याचे काळे फिनाईल मांजराला घातक ठरते, त्याचे कारणही हेच. फिनाईलच्या फरशीवरून ते चालते आणि मग पंजे चाटते.

वाचकहो, आपल्या घरांत प्रेमापोटी जी चूक होते, ती बहुधा याच प्रकारची असते. जे आपल्याला मानवते ते त्या जीवालाही मानवेल, असे आपण धरून चालतो. अलीकडे प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने टॉनिके विकली जातात, त्यांचाही मोह पडतो. मांजरांच्या सर्दीवर लायसीन नावाचा पदार्थ कित्येक वर्षे दिला जात असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय आढाव्यात त्याचा काही उपयोग आढळला नाही. मांजराची प्रतिकारशक्ती बाटलीत मिळत नाही. ती योग्य आहार, निवारा, जंतांपासून मुक्तता आणि लस या चार गोष्टींत आहे.

आहाराविषयी आपला मोठा गैरसमज आहे. दूध-पोळी हे मांजराचे अन्न, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वस्तुतः बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. त्याने हगवण लागते. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराला मांसातूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. गाजरातून आपल्याला मिळते तसे अ जीवनसत्त्वही त्याला भाजीतून घेता येत नाही. आमच्या घरी मांसाहार नाही, त्यामुळे हा प्रश्न मलाही सुटला नव्हता. तो स्वयंपाक करणाऱ्या काकूंनी सोडविला. पोरक्या झालेल्या पिल्लांनाही तीच सर्दी झाली होती. मी पुढे ठेवलेले अन्न ती हुंगतही नव्हती. काकू म्हणाल्या, “सर, नाकच बंद हाये त्याईचं, तं खातीन कसे?”

एम. ए.च्या पदवीने मला जे सुचले नाही, ते त्या एका वाक्यात होते. मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की अन्न त्याच्या लेखी नसल्यासारखेच. आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून तोच एक नवा आजार होतो. काकूंनी घरून उकडलेल्या कोंबडीचे तुकडे आणले. मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला अपायकारक असतात. ते कोमट करून बोटाने पिल्लांच्या ओठांना लावले. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा जेमतेम चमचाभर मीठ घातले आणि ते निवल्यावर स्वच्छ कापसाने डोळे पुसले. प्रतिजैविक डॉक्टरांनी पिल्लांचे वजन विचारून ठरविले.

बिछान्याला संत्र्याची रिकामी लाकडी पेटी घेतली. आमच्या भागात तिला तोटा नाही. आत गोणपाट घातले, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली आणि पेटी अंधाऱ्या कोपऱ्यात नेली. मुलांना तिकडे फिरकण्यास बंदी केली. लीळाचरित्रात पारध्यांच्या भयाने पळालेला ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयाला येतो, त्याला प्रथम मिळतो तो निवारा. यात शास्त्रही आहे. मांजरांच्या सर्दीचा एक विषाणू शरीरात जन्मभर दडून राहतो आणि भीती, गर्दी, धावपळ यांचा ताण पडला की पुन्हा डोके वर काढतो.

धाकटे पिल्लू सहाव्या दिवशी गेले, थोरले वाचले.

त्याला पुढे जंताचे औषध दिले आणि तिहेरी लस टोचविली. सर्दीच्या दोन विषाणूंखेरीज ही लस पॅनल्यूकोपेनियापासूनही रक्षण करते. या रोगात रक्तातील पांढऱ्या पेशी, म्हणजे प्रतिकाराचे सैन्यच, नष्ट होते. मांजर ओकते आणि पाण्याच्या भांड्यावर मान घालून बसते, पण पीत नाही. हा विषाणू जागेत वर्षभर तग धरतो; म्हणून असे मांजर दगावलेल्या घरी लस न टोचलेले पिल्लू आणू नये. तो माणसाला होत नाही.

बोक्यांच्या भांडणातील चाव्यांतून पसरणारा, प्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला. तोही माणसाला लागत नाही. नसबंदी केली की भांडणे कमी होतात आणि त्याचा प्रसारही. मात्र मांजराने ओरबाडले वा चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज मांजरापासूनही होतो.

१९५६ साली प्रांतांची सीमा आखली गेली, तरी आमच्याकडचे अवघड दुखणे आजही नागपूरची वाट धरते. १९५८ साली स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय येथून सुमारे शंभर किलोमीटर आहे. मध्यप्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फिरता पशुचिकित्सालयही बोलाविता येतो. हे त्या श्रावणात मला आठवले असते तर!

मांजरी गेली त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले होते, “सर, तिला कोणतं औषध दिलं होतं?” तेव्हा मी उत्तर टाळले. आठवड्याने प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांपुढे खरे ते सांगितले. त्या मुलीने काही न बोलता एक चिठ्ठी लिहून औषधपेटीवर चिकटविली. ‘ही औषधे माणसांची आहेत.’ अक्षर सुरेख आहे. पेटी उघडताना दरवेळी ती मला वाचावी लागते.